आय-ट्री प्रारूप आणि तिसगावचा निंब : वृक्षवाढीच्या संगणकीय हिशेबाची एक समीक्षा

प्रस्तावना

राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषदेच्या सातव्या निकषामुळे हरित लेखापरीक्षण ही गोष्ट आता प्रत्येक महाविद्यालयाच्या परिचयाची झाली आहे. या अहवालांत परिसरातील वृक्षांची यादी असते, आणि यादीच्या शेवटी ही झाडे दरवर्षी किती कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात याचा एक आकडा असतो. तो आकडा कोठून येतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी अशाच एका अहवालावर समितीचा सदस्य या नात्याने स्वाक्षरी केली. वर्गखोल्यांसमोरील खोट्या अशोकाची रांग, प्रवेशद्वाराजवळचे बॉटल पाम, कुंपणालगतचे जुने निंब, सर्वांना सरसकट प्रतिवर्षी २२ किलो असा दर लावण्यात आला होता. हा दर कोणत्या जातीच्या, कोणत्या वयाच्या आणि कोणत्या हवामानातील झाडाचा, याचा उल्लेख अहवालात कोठेही नव्हता. पुढे त्या अहवालाची प्रत चाळताना एका विद्यार्थ्याने सहज विचारले, "सर, पाम आणि निंब सारखेच कसे?" त्या वेळी उत्तर देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

सरसकट दर चुकीचा, हे सांगण्यास फारसे श्रम पडत नाहीत. अधिक विचार करावयास हवा तो त्याच्या जागी येऊ घातलेल्या संगणकीय प्रारूपांचा, कारण ती शास्त्रीय पायावर उभी आहेत आणि त्यामुळेच त्यांच्या उत्तरावर प्रश्न विचारण्याची आपली सवय सुटते. यांपैकी सर्वाधिक प्रसार झालेले प्रारूप म्हणजे अमेरिकेच्या वनसेवेचे आय-ट्री होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर) पाथर्डी तालुक्यातील तिसगाव हे बाजाराचे गाव डोळ्यांसमोर ठेवून त्याची तपासणी येथे केली आहे. गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशातले, शिवार बाजरी, तूर आणि कापसाचे, आणि झाडे म्हणाल तर निंब, बाभूळ, हिवर, बोर, चिंच. ज्या शहरांसाठी आय-ट्री घडले त्यांच्याशी या गावाचे साम्य फारच थोडे आहे, आणि म्हणूनच कसोटी म्हणून ते उपयोगी पडते.

प्रारूपाची घडण

आय-ट्रीचा उगम १९९० च्या दशकातील शिकागो शहराच्या वृक्ष-अभ्यासात आहे. त्या अभ्यासाचा अहवाल १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. डेव्हिड नोवाक आणि डॅनियल क्रेन यांनी विकसित केलेली 'युफोर' ही संगणकप्रणाली २००६ मध्ये इतर साधनांसह आय-ट्री या नावाने विनामूल्य उपलब्ध झाली. तिच्या 'इको' या भागात प्रत्येक झाडाची जात, छातीच्या उंचीवरील, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवरील व्यास, एकूण उंची, डेऱ्याची रुंदी, डेऱ्याचा किती भाग गळालेला वा वाळलेला आहे, आणि त्यावर किती बाजूंनी ऊन पडते, ही माहिती भरावी लागते. त्यावरून पानांचे एकूण क्षेत्रफळ आणि जैवभार काढला जातो. पानांच्या क्षेत्रफळावरून हवेतील प्रदूषकांचे व पावसाच्या पाण्याचे हिशेब होतात, जैवभारावरून कर्बाचे. शेवटी प्रत्येक लाभास पैशात किंमत लावली जाते.

या रचनेबद्दल आदर बाळगावयास हवा. झाडाला केवळ एक संख्या न मानता त्याच्या डेऱ्याची अवस्था विचारणारे हे प्रारूप आहे, आणि आपल्या बहुतेक वृक्षगणना जात, घेर व उंची यांपुढे फारशा जात नाहीत. आणखी एक प्रामाणिकपणा येथे नोंदविला पाहिजे. वनातील झाडे तोडून व तोलून तयार केलेली समीकरणे मोकळ्या जागेतील, छाटल्या जाणाऱ्या झाडांना लावली असता जैवभार प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो, हे लक्षात आल्यावर नोवाक यांनी अशा झाडांच्या उत्तराला ०.८ ने गुणण्याचा प्रघात ठेवला. आपली चूक मान्य करून तिची दुरुस्ती सूत्रातच लिहिणारी प्रारूपे फार नाहीत.

थंडीचे दिवस आणि पाण्याचे दिवस

अडचण सुरू होते ती वाढीच्या दरापाशी. आजचा जैवभार मोजणे आणि पुढील वर्षी तो किती वाढेल हे सांगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वार्षिक कर्बग्रहणाचा आकडा दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून असतो. उत्तर अमेरिकेत झाडाची वाढ थंडी अडविते. म्हणून युफोरच्या पद्धतीत वर्षातील दव गोठण्याइतकी थंडी नसलेले दिवस हेच वाढीचे दिवस मानले गेले. मूळ दर अशा १५३ दिवसांच्या मोसमाला प्रमाण धरून ठरविला आहे आणि अन्य ठिकाणी तो तेथील दिवसांच्या प्रमाणात वाढविला वा घटविला जातो.

आता हाच नियम तिसगावला लावून पाहावा. येथे दव गोठत नाही असे म्हणण्यास हरकत नाही, तेव्हा वाढीचे दिवस ३६५. समजा मूळ दर वर्षाला ०.८ सेंमी व्यासवाढीचा आहे. ३६५ भागिले १५३ म्हणजे सुमारे २.३९ पट, आणि उत्तर १.९ सेंमी. म्हणजे तिसगावचा निंब शिकागोच्या झाडाच्या दुपटीहून अधिक वेगाने वाढतो असे संगणक सांगेल. ज्या तालुक्यात मार्च उजाडला की टँकरची चर्चा सुरू होते, तेथे हा निष्कर्ष कोणीही शेतकरी हसण्यावारी नेईल. येथे वाढ अडविणारी गोष्ट थंडी नसून पाणी आहे. सूत्रात पाण्याला जागाच नाही. झाडाच्या अवस्थेवरून काही वजावट होते, परंतु ती पुरेशी नाही.

ओलाव्याचे दिवस धरले तर? समजा जमिनीत पुरेसा ओलावा असण्याचे दिवस १२० आहेत. तर तोच दर ०.६३ सेंमी वर येतो. मात्र हाही उपाय सरळ नाही, कारण निंब स्वतः या हिशेबात बसत नाही. दख्खनच्या पठारावर निंबाची पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात आणि गुढीपाडव्यापर्यंत तांबूस कोवळी पालवी येते, तीही पावसाचा थेंब नसताना. खोल मुळांनी साठ्यातील पाणी उचलून हे झाड ऐन उन्हाळ्यात पाने धरते. तेव्हा निंबाच्या वाढीचे दिवस ना थंडीवरून ठरतात, ना नुसत्या पावसावरून. ते त्याच्या बुंध्यावरच मोजावे लागतील.

बुंध्यात ते लिहिलेले असते, असे कोणी म्हणेल. वार्षिक वलये मोजून वाढ कळते, हे खरे. परंतु उष्ण कटिबंधातील अनेक जातींत ती स्पष्ट वा वर्षाला एक अशी नियमित नसतात. सागवान हा महत्त्वाचा अपवाद आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील बोरगावकर व सहकाऱ्यांनी केरळमधील सागाच्या वलयांवरून ५२३ वर्षांची नोंद उभी केली आणि तीत मान्सूनच्या दुष्काळाच्या खुणा वाचल्या, हे संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पाणी कमी पडले की वाढ आखडते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? निंब आणि बाभळीची अशी वही आपल्याजवळ नाही.

घेर, उंची आणि शेळ्या

जैवभाराच्या समीकरणांकडे वळू. उष्ण कटिबंधासाठी आज सर्वाधिक वापरले जाणारे समीकरण शाव्ह आणि सहकाऱ्यांचे, २०१४ चे. ५८ ठिकाणी तोडून तोललेल्या ४,००४ झाडांवरून ते बसविले आहे. लाकडाची घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांच्या गुणाकाराचा ०.९७६ वा घात घेऊन त्यास ०.०६७३ ने गुणावयाचे, की जमिनीवरील कोरडा जैवभार किलोत मिळतो. उदाहरणादाखल १२० सेंमी घेराचा आणि ९ मीटर उंचीचा निंब घ्या, घनता ०.६९ धरू. व्यास ३८.२ सेंमी येतो आणि जैवभार सुमारे ४९० किलो. त्यातील ४७ टक्के कर्ब धरल्यास २३० किलो, आणि कार्बन डायऑक्साइडच्या रूपात सुमारे ८४४ किलो. नोवाक यांची ०.८ ची दुरुस्ती लावली तर ६७५ च्या आसपास.

उत्तर किती सुबक दिसते! पण त्याच झाडाची उंची ९ ऐवजी ११ मीटर धरली तर जैवभार ४९० वरून ५९६ वर जातो. ज्यांनी विद्यार्थ्यांकडून झाडांची उंची अंदाजे लिहून घेतली आहे त्यांना दोन मीटरचा फरक ही किती किरकोळ गोष्ट आहे हे ठाऊक असेल. फीत बुंध्याच्या गाठीवरून गेली आणि घेर १२६ सेंमी आला तर आणखी दहा टक्के वाढ. पाम तर या समीकरणात बसतच नाही; त्याचा बुंधा वर्षागणिक जाड होत नाही, तेव्हा घेरावरून वाढ काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

तथापि मोजणीच्या चुका सुधारता येतात. सुधारता न येणारी अडचण वेगळीच आहे. तिसगाव परिसरातील निंब, बाभूळ आणि हिवर यांना स्वतःच्या मर्जीने वाढू दिले जातच नाही. उन्हाळ्यात शेळ्यांसाठी त्यांचा पाला काढला जातो, फांद्या सरपणाला जातात, बांधावरील झाडाची सावली पिकावर पडू नये म्हणून ते वर्षाआड छाटले जाते. अशा झाडाचा घेर मोठा आणि डेरा लहान असतो. समीकरण घेर पाहते आणि नसलेल्या फांद्यांचे वजन सांगते. उलट बाजूने, छाटलेली फांदी आणि खाल्लेला पाला हेही झाडाचेच उत्पादन होते. दहा वर्षांत एका बाभळीने शेळ्यांना किती खाऊ घातले हे तिच्या उभ्या जैवभारात दिसत नाही. शहरी प्रारूपात छाटणी हा देखभालीचा खर्च आहे. आमच्याकडे छाटणी म्हणजे पीक.

या बाबतीत युरोप आणि लॅटिन अमेरिकेतील संस्थांनी मिळून विकसित केलेले सीओटूफिक्स हे प्रारूप अधिक जवळचे वाटते. त्यात वार्षिक वाढीचे कोष्टक वापरकर्त्यालाच भरावे लागते आणि तोडणी-छाटणीचीही सोय आहे. भारतीय कृषिवानिकी संशोधनात त्याचा वापर झाला आहे. परंतु त्याची गोष्ट रिकाम्या कणगीसारखी आहे: जे भराल तेच निघेल. स्थानिक वाढीचे कोष्टक नसेल तर सीओटूफिक्सही दुसरीकडचे कोष्टक मागून घेते, आणि आपण पुन्हा पहिल्या जागी येतो.

लाभ कोणाचा आणि कशाचा

आता वरील ४९० किलोंच्या निंबाची वार्षिक वाढ पाहू. उंची तीच धरून व्यास १.९ सेंमीने वाढला तर जमिनीवरील जैवभार वर्षाला सुमारे ४९ किलो वाढतो, म्हणजे ८४ किलो कार्बन डायऑक्साइड. तोच व्यास ०.६३ सेंमीने वाढला तर १६ किलो, म्हणजे जेमतेम २८. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पहिला आकडा खरा असेल तर हा निंब वर्षाला ३६ लिटर पेट्रोलची भरपाई करतो, दुसरा खरा असेल तर १२ लिटरची. तिसगावाहून नगरला मोटारसायकलने जाऊन-येऊन दीड लिटर लागते असे धरले तर एकीकडे चोवीस खेपा आणि दुसरीकडे आठ. प्रारूपातील एका गृहीतकाने सोळा खेपांचा फरक पडतो. हा फरक अहवालातच राहिला असता तर चिंतेचे कारण नव्हते. परंतु बांधावरील झाडांवर कर्बाचे श्रेय विकत घेण्याच्या योजना आता शेतकऱ्यांपर्यंत पोचत आहेत, आणि केंद्र शासनाने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना व हरित क्रेडिट कार्यक्रम अधिसूचित केले आहेत. तिप्पट फुगलेल्या वाढीवर करार झाला, तर पुढे प्रत्यक्ष मोजणीच्या वेळी तूट कोणाच्या नावावर पडेल हे सांगावयास नको.

इतर लाभांच्या बाबतीत तर कधी कधी चिन्हच बदलते. पाऊस डेऱ्यावर अडून तेथूनच वाफ होऊन गेला, तर शहरातील गटारांवरील भार कमी होतो. म्हणून आय-ट्रीत तो जमेच्या बाजूला मांडला जातो. तिसगावला गटारांची चिंता नाही, विहिरीची आहे. पानांवरून उडून गेलेले पाणी येथे खर्चाच्या बाजूला जाईल. म्हणून झाडे नकोत असे मात्र नव्हे. इल्स्टेट आणि सहकाऱ्यांनी बुर्किना फासो या कोरड्या देशात केलेल्या अभ्यासात (२०१६) असे आढळले की झाडे मुळीच नसण्यापेक्षा आणि दाट असण्यापेक्षा विरळ, मध्यम वृक्षाच्छादन असताना भूजल अधिक भरते, कारण मुळांमुळे जमीन सच्छिद्र राहून पाणी आत मुरते. बाजरीच्या शिवारात बांधाबांधावर उभा असलेला निंब ही जवळजवळ तीच रचना आहे. मात्र प्रारूप डेऱ्यावर अडलेले पाणी मोजते आणि जमिनीत मुरलेल्या पाण्याची बाब त्याच्या पावतीवर येत नाही.

सावलीची गोष्ट तशीच. आय-ट्रीमध्ये सावलीची किंमत घराला वातानुकूलनासाठी लागणाऱ्या विजेच्या बचतीवरून काढतात. घर झाडापासून किती अंतरावर व कोणत्या दिशेला, हे त्यासाठी विचारले जाते. आठवडे बाजारात निंबाखाली गोणपाट अंथरून बसलेल्या भाजीवालीचे मीटर कोठे आहे? होळी ते रंगपंचमीच्या सुमारास जवळच्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेसाठी लोटणारा समुदाय ज्या झाडांखाली भाकरी सोडतो, त्या सावलीची किंमत या हिशेबात शून्य येते. वीज न वापरणाऱ्याला सावलीचा लाभ होत नाही, असा याचा सरळ अर्थ होतो, आणि तो प्रारूपकर्त्यांना अभिप्रेत नसणार.

प्राणवायूचा मोह

आपल्याकडील वृक्षमूल्यांकनात मात्र याच्या उलट टोक गाठले गेले आहे. कलकत्ता विद्यापीठाचे प्रा. टी. एम. दास यांनी १९७९ मध्ये पन्नास वर्षे जगणाऱ्या झाडाची किंमत १५ लाख ७० हजार रुपये काढली. तो आकडा पुढे भित्तिपत्रकांतून देशभर फिरला. पश्चिम बंगालमधील रेल्वे उड्डाणपुलांसाठी करावयाच्या वृक्षतोडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये झाडाचे मूल्य प्रतिवर्षी ७४,५०० रुपये गुणिले वय असे सुचविले. त्यांपैकी ४५,००० रुपये प्राणवायूचे होते. हेतूबद्दल शंका नाही. झाड म्हणजे केवळ लाकूड नव्हे, हे न्यायालयापुढे मांडणे आवश्यकच होते. तरीही ज्या घटकाला सर्वांत मोठी रक्कम दिली तो सर्वांत दुर्बळ आहे.

झाड जेवढा कर्ब स्वतःत साठविते त्याच्याच प्रमाणात निव्वळ प्राणवायू बाहेर टाकते: एक किलो कर्बाला २.६७ किलो. आपल्या उदाहरणातील निंबाने वर्षात १६ किलो जैवभार, म्हणजे साडेसात किलो कर्ब साठविला, तर प्राणवायू २० किलो निघाला. एका माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो लागतो. म्हणजे वर्षभराच्या कमाईवर एका माणसाचे चोवीस दिवस. पुढे तेच लाकूड चुलीत गेले की तो प्राणवायूही परत गेला. वातावरणात २१ टक्के प्राणवायू आहे आणि त्याची टंचाई नाही. स्वतः नोवाक यांनीच २००७ मध्ये अमेरिकेतील शहरी झाडांचा हिशेब मांडून हा लाभ नगण्य ठरविला आहे. निंबाचे समर्थन करावयाचे तर सावली, चारा, निंबोळी आणि मुरणारे पाणी ही भक्कम कारणे हाताशी आहेत. दुबळे कारण पुढे केले की प्रतिपक्षाला ते खोडून काढणे सोपे जाते, आणि खोडलेल्या कारणाबरोबर झाडही जाते. २०१९ मध्ये आरे येथे मेट्रोच्या कारशेडसाठी २,१४१ झाडे तोडण्यात आली. त्या वादात मेट्रोच्या ठराविक फेऱ्यांनी या झाडांचे कर्बग्रहण भरून निघते असा हिशेब पुढे करण्यात आला होता. झाडाला एकाच आकड्यात बसविले की असे होणारच.

रोपांची संख्या

राज्य शासनाने २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांसाठी अनुक्रमे ४, १३ आणि ३३ कोटी, असे एकूण ५० कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले होते. येथे प्रारूपातील आणखी एक रकाना महत्त्वाचा ठरतो, तो मरणाचा. वर्षाला शंभरात तीन रोपे मरतात असे धरले तर पाच वर्षांनी ८६ उरतात, आणि संगणकावरील आलेख वर चढत राहतो. पाथर्डी तालुक्यात गावोगावची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि पाडव्याच्या पुढेमागे परततात. रोपाला पाणी घालण्याची सर्वाधिक गरज नेमकी त्याच महिन्यांत असते. जुलैमध्ये लावलेल्या रोपाचा मृत्यूदर येथे जातीवर कमी आणि साखर कारखान्यांच्या गळीत हंगामावर अधिक अवलंबून असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. असा रकाना कोणत्याही प्रारूपात नाही आणि तो अमेरिकेत बसून कोणाला सुचणारही नाही. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून जे साधले त्यात रोपांची संख्या हा भाग लहानच होता.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रातील नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद आली, पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. तिसगाव हे ग्रामपंचायतीचे गाव असल्याने तेथे हा कायदा लागू नाही. पण तेथून कल्याण-विशाखापट्टणम राष्ट्रीय महामार्ग जातो, आणि महामार्ग रुंद होतात तेव्हा कडेची झाडे प्रथम जातात. वय काढावयाचे तर पुन्हा घेरावरून, म्हणजे वाढीच्या दरावरून. १.९ सेंमी दराने ३८ सेंमी व्यासाचा निंब वीस वर्षांचा ठरतो; ०.६३ सेंमी दराने साठ वर्षांचा. पहिल्या हिशेबाने तो साधे झाड, दुसऱ्याने वारसा. वाढीचा दर फुगवून सांगणारे प्रारूप कर्बाच्या बाबतीत झाडाची बढाई मारते आणि वयाच्या बाबतीत त्याला पोरवयाचे ठरविते. दोन्हीकडून नुकसान झाडाचेच.

महाविद्यालयांना काय करता येईल

यावर उपाय महाग नाही. स्टीलची अरुंद पट्टी आणि एक स्प्रिंग बुंध्याभोवती बसविली की घेरातील मिलिमीटरची वाढ वाचता येते. तिला डेंड्रोमीटर पट्टी म्हणतात. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी होतात, दत्तक गावे ठरलेली असतात. दरवर्षी नवी रोपे लावण्याऐवजी त्याच पन्नास झाडांचा घेर त्याच खुणेवर, त्याच महिन्यात मोजला आणि सोबत छाटणी केव्हा व किती झाली हे मालकाला विचारून लिहिले, तर तीन-चार वर्षांत निंब, बाभूळ आणि हिवर यांच्या वाढीची स्थानिक नोंद तयार होईल. भूगोल, वनस्पतिशास्त्र, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र या विभागांना एकत्र येण्यास याहून चांगले निमित्त मिळणे कठीण. राहुरीचे कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. हे दर हाती आले की आय-ट्री वा सीओटूफिक्स वापरण्यास हरकत उरत नाही. गणित त्यांचे, झाड आपले.

नोंद सुरू करताना दोन काळज्या घ्याव्यात. निंब व बाभूळ पुष्कळदा छातीच्या उंचीखालीच फुटतात. तेव्हा प्रत्येक फाट्याचा घेर वेगळा घ्यावा आणि खूण रंगाने करावी, खिळ्याने नव्हे. दुसरी गोष्ट दुष्काळी वर्षाची. अशा वर्षी पट्टीवर वाढ शून्य येईल, कदाचित बुंधा आकसल्याने उणेही येईल. तो आकडा चुकीचा समजून खोडण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो. तो तसाच ठेवावा.

महाविद्यालयाच्या पुढील अहवालात २२ किलोंच्या जागी काय लिहावे, हा प्रश्न राहतोच. प्रस्तुत लेखकाने समितीपुढे अशी सूचना ठेवली आहे की निंबांसाठी एक आकडा न देता किमान आणि कमाल असा पल्ला द्यावा, सोबत घेतलेली गृहीतके लिहावीत आणि पामांसमोरील रकाना कोरा सोडावा. कोरा रकाना बघून गुण कापले जातील, अशी शंका एका सहकाऱ्यांनी व्यक्त केली असून सूचनेवर अद्याप निर्णय झालेला नाही.